नवऱ्याच्या अंगठ्याची चौकट

माझं अक्षर चांगलं आहे, असं मला लहानपणापासून सगळे सांगत आले. तापीकाठच्या आमच्या शेतकरी घरात लग्नाच्या याद्या मीच लिहायची. पुढे नर्स झाले, डोंगरातल्या उपकेंद्रावर नेमणूक झाली, तिथेही रजिस्टरं बघून वरचे साहेब मान डोलवायचे. त्या अक्षराचा आज मला संताप येतो. हात कापून टाकावा असं म्हणणार नाही, ते नाटक झालं. पण पुष्कळ दिवस मी पेनाला हात लावला नव्हता, हे खरं आहे.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे. बायकांना कळलं होतं की ही म्हातारी नर्स दवाखान्यात सोबत येते आणि टेबलाशी भांडते. घरात विचारायचे, "तुले काय करनं शे त्यासनं?" आमच्या गावात डोंगरातल्या बायकांबद्दल बोलताना आवाज आपोआप बदलतो. त्यांना मुलं फार, त्यांना कळत नाही, त्यांना सवय असते. हे म्हणणाऱ्यांच्या घरात सुनेला मुलगा होईपर्यंत किती वेळा कुठे नेलं, हे कोणी विचारायचं नाही. मी एकदा जेवणाच्या पंगतीत विचारलं. तेव्हापासून मला पंगतीला बोलावत नाहीत आणि माझं काही अडलेलं नाही.

ती बाई बाजारातच भेटली. तिशीही गाठली नसेल. मागच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की बांबूला झोळी बांधून तिला चार तास खाली आणलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की आणखी एक बाळंतपण झालं तर तू वाचणार नाहीस. तिला मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. मी विचारलं, घरात मुलं किती? पाच, ती म्हणाली. मी लिहून घेतलं.

नवरा गुजरातमध्ये मजुरीला गेला होता. जाताना त्यानं सांगितलं होतं, कर. तो वाईट माणूस नव्हता, फक्त तिथे नव्हता. होळीला येणार होता. काठी गावची मोठी होळी असो की पाड्यावरची, त्या दिवसांत सगळे पुरुष घरी येतात. होळीनंतर ऊन वाढलं की ऑपरेशनची शिबिरं बंद होतात, ती थेट पुढच्या थंडीत. म्हणजे नवरा येणार, आणि शिबिर जाणार. मधल्या महिन्यांत काय होतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. होळीआधीचं शेवटचं शिबिर गाठायचं, एवढंच आमचं ठरलं.

शिबिराच्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात आम्ही सकाळी पोहोचलो. रक्त तपासलं, जेमतेम चाललं. मग टेबल आलं. टेबलामागे आमच्याच भागातला एक लिपिक बसला होता, पानाचा तोबरा भरलेला. त्यानं फॉर्म उलटसुलट केला.

"ताई, नवराना अंगठा कोठे शे?"

"तो गुजरातमा कामले गयेल शे."

"मंग तो उना की लई या." त्यानं तिच्याकडे न बघता मला ऐकवलं, "पाच पोरे व्हयनात तवय काही नही, आते घाई शे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आंग तिन्हं शे, अंगठाबी तिन्हाच लागस. नवराना लागत नही. कायदा वाच जरासा." तो हसला. बाजूच्या रांगेत एक बागायतदार आपल्या बायकोला घेऊन आला होता. मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत त्यानं चौकटीत सही केली आणि दोन मिनिटांत मोकळा झाला. ती बायको तोंडातून शब्द काढत नव्हती. तिला कोणी काही विचारलंही नाही. सही होती ना, झालं.

मी आवाज चढवला. तुमच्यासारख्यांमुळे बायका मरतात, असं भर दालनात बोलले. लिपिक चिडला. त्यानं फॉर्म माझ्यासमोर आपटला. "मन्हावर काय चिडतस? मी थोडीच बनाडेल शे? दखा, आठे चौकट शे का नही?"

मी बघितलं. फॉर्म छापील नव्हता. हातानं लिहिलेल्या कागदाची प्रत, तिची प्रत, तिचीही प्रत. रेघा तिरक्या झालेल्या, अक्षरं पुसट. तळाशी, पट्टीनं आखलेल्या चौकटीत, "पतीची सही अथवा अंगठा". ते अक्षर माझं होतं.

विसरले होते असं म्हणणं सोपं आहे. सोयीचं होतं म्हणून विसरले होते. नोकरीच्या मधल्या वर्षांत एक माणूस उपकेंद्रावर चालून आला होता. डोंगरातला नव्हे, खालचा, आमच्याच जातभाईंपैकी, पुढाऱ्यांत उठबस असलेला. घरच्यांना न विचारता त्याच्या बायकोला मी तांबी बसवली होती. त्यानं मला नोकरी घालवण्याची धमकी दिली. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि मला झापलं. त्या संध्याकाळी मी घाबरून एक स्वच्छ फॉर्म लिहून काढला आणि तळाशी ती चौकट आखली. माझ्या उपकेंद्रापुरती, माझ्या जिवासाठी. साहेबांना अक्षर आवडलं. त्यांनी प्रती काढून सगळीकडे वाटल्या, आणि मला बरं वाटलं होतं. भीती घातली या मोटारसायकलवाल्यासारख्या माणसानं, आणि चौकट अडवत राहिली झोळीतून येणाऱ्या बायकांना. तसल्यांना सही करायला दोन मिनिटं लागतात.

ती बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या भाषेत तिनं विचारलं, ही जागा सरकारनं केली आहे का?

नाही म्हणून गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "नाही. मी केली आहे."

तिच्या नावापुढे उजवा अंगठा आधीच उठवलेला होता. तिनं शाईचा डबा ओढला, डावा अंगठा बुडवला आणि नवऱ्याच्या चौकटीत दाबला. "हाही माझाच," ती म्हणाली. लिपिक ओरडला, असं चालणार नाही. मी त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, चौकटीवर आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं की ही चौकट मी काढली होती, नियमात नाही, आणि खाली सही केली. आतून सर्जन बाहेर आले, कागद वाचला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घ्या आत."

दुपारी ती जमिनीवरच्या गादीवर पडली होती. मी शेजारी बसले, पाणी दिलं. मला वाटत होतं तिनं काहीतरी बरं बोलावं. खरं सांगायचं तर मला माफी हवी होती. तेवढीही लाज मला उरली नव्हती.

ती छताकडे बघत म्हणाली, माझ्या बहिणीचा कागदही असाच होता. त्यातली नवऱ्याची जागा रिकामी राहिली. होळीला या म्हणाले.

मी विचारलं, "ती कुठे असते आता?"

"पाचांतली माझी तीनच आहेत," ती म्हणाली. "दोन तिची."