नेपाळी नोटांची घट

आमच्या आण्णांना जगात दोनच गोष्टी जमत नव्हत्या. एक म्हणजे "चुकलं" म्हणणं, आणि दुसरी, खिशात गेलेला हात नोटेसकट बाहेर काढणं. बाकी सगळं येत होतं असं त्यांचं मत होतं, आणि आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात मत असायची परवानगी फक्त त्यांनाच होती.

आण्णा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात त्यांची गुळाची आडत. शेतकऱ्यानं गूळ आणायचा, आण्णांनी तो सौद्यात विकून द्यायचा, आणि शेकड्यावर आपली आडत कापून घ्यायची. त्यांचा उभा जन्म असा शेकड्यात गेला. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे आणायच्या आधी त्यांनी विचारलं, शेकडा तीस कुठं सांडलंस म्हणून. हिशेबाला कागद घेणारा माणूस त्यांच्या लेखी कच्चा. यार्डातले लोकही त्यांना मान द्यायचे. कुणी दिला नाही, तर आण्णा मागून घ्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी यार्डातल्या मंडळींनी एक बस ठरवली. आधी नेपाळला जाऊन पशुपतिनाथाचं दर्शन, येताना काशी. आईचे गुडघे धरले होते, म्हणून तिच्या सीटवर माझी वर्णी लागली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्याबरोबर तिसरी होती आत्ती, आण्णांची धाकटी बहीण. ती मुरगूडची. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुली आणि एक मुलगा, आणि सगळा संसार दोन म्हशींच्या दुधावर. बसचं भाडं तिनं घरची रेडी विकून भरलं होतं. बस भावानं ठरवली होती, पण भाडं बहिणीनं रोख दिलं, आणि भावानं ते मोजून घेतलं.

शिवाय आत्तीच्या कमरेच्या पिशवीत दोन हजार रुपये होते. दूधबिलातनं मागं टाकत टाकत साठवलेले. त्यांना हात लावायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, कारण धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला काशीहून शालू न्यायचा होता. हे सगळ्या बसला पाठ झालं होतं. वाडीला दत्तापुढं नारळ फोडून बस सुटली तेव्हापासून आत्ती प्रत्येक बाईला शालूचा रंग विचारत होती.

सोनौलीला हद्द लागली. पलीकडं कळलं की आपल्या शंभर रुपयांचे नेपाळचे एकशे साठ मिळतात. बसमध्ये जो आनंद झाला तो मी नंतर कुठल्याच देवळात पाहिला नाही. काही न करता, नुसतं बसमधून उतरून, माणसं दीडपटीनं श्रीमंत झाली. आण्णा दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हिशेब समजावला.

"शंभराचं एकशेसाठ, म्हंजे शेकडा साठ. जाताना साठ चढवायचं, येताना साठ उतरवायचं. हाय काय त्यात?"

त्यात काय आहे ते सांगते, कारण बसमधल्या एकाही शहाण्याला ते दिसलं नाही. शंभरावर शेकडा साठ चढवले की एकशे साठ होतात, हे बरोबर. पण त्या एकशे साठातून परत शेकडा साठ उतरवले की शंभर येत नाहीत, चौसष्टच येतात. चढताना साठ टक्के शंभरावरचे होते, उतरताना ते एकशे साठावरचे झाले. खरा हिशेब शाळेत त्रैराशिक म्हणून शिकवतात. एकशे साठाला शंभर, तर अमक्याला किती. बाईंनी फळ्यावर मांडलं की पाचवीतलं पोरही सोडवतं. पण आण्णांपुढं फळा मांडायची कुणाची छाती होती?

आत्ती आपले दोन हजार बदलायला तयार नव्हती. तिला नेपाळात काही घ्यायचंच नव्हतं. आण्णांनी तिला सगळ्यांदेखत झापलं, की पिशवीत ठेवून नोटा काय अंडी घालणार हायत व्हय, बदललंस तर वाढतील तरी. मी म्हटलं, आण्णा, तिला खर्च करायचा नाही, कशाला बदलायला लावता. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी आत्तीनं पाठ फिरवून पिशवी सोडली. तिच्या हातात बत्तीसशे आले. एवढे पैसे एका वेळी हातात धरायचा तिचा तो पहिलाच प्रसंग असावा, कारण ती बराच वेळ ते नुसते धरूनच बसली होती.

मग काठमांडूत आमच्या मंडळींनी धुमाकूळ घातला. थर्मास पाचशे म्हटला की सगळे आण्णांकडं बघायचे. आण्णा डोळे मिटून साठ उतरवायचे आणि सांगायचे, आपलं दोनशे. खरे होत होते तीनशेच्या वर, पण विचारतो कोण. घोंगड्यासारखी जाड ब्लँकेटं, घडीच्या छत्र्या, विजेऱ्या, कोल्हापुरात कधी घालायची वेळ येणार नाही असली जाकिटं. बसच्या टपावर जागा उरली नाही. एका काकांनी तर तीन थर्मास घेतले आणि वर मलाच सांगितलं, फुकटात पडले. मी माझा कागद काढला, त्रैराशिक मांडलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी तो कागद हसत हसत आण्णांकडं दिला, आणि आण्णांनी त्यात शेंगदाणे घेतले.

आत्तीनं मात्र काहीच घेतलं नाही. ती देवळात जायची, बाहेर बसायची, आणि दुसऱ्यांच्या पिशव्या सांभाळायची. चहासुद्धा बसबरोबरच्या आचाऱ्याकडचाच प्यायची.

परत येताना सोनौलीलाच उरलेल्या नोटा बदलायच्या होत्या. तिथं बदलून देणारी रीतसर दुकानं होती, बाहेर भावाची पाटी लावलेली. पण तिथं कमिशन कापतात असं आण्णांना कुणीतरी सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांची आडत कापलेल्या माणसाला स्वतःची आडत देणं म्हणजे मरणच. त्यांनी सगळ्यांच्या नोटा गोळा केल्या आणि रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेल्या एका माणसाकडं गेले. मी त्या वेळी बायकांबरोबर मोरीच्या रांगेत होते. परत आले तोवर व्यवहार झालेला, बस सुरू झालेली, आणि आण्णांची मान ताठ.

त्यांचा पराक्रम त्यांनी स्वतःच सांगितला. त्यांच्या हिशेबानं नेपाळच्या शंभराचे आपले चाळीस व्हायचे. पण त्यांनी त्या माणसाला असं काही घोळात घेतलं की त्यानं शंभराला बेचाळीस दिले. दोन रुपये वर काढले गड्याकडनं. बस खूश. रीतसर भाव बासष्ट रुपये आणि वर चिल्लर होता. छत्रीखालच्या त्या भल्या माणसानं पोटातलं हसू कसं दाबलं असेल, देव जाणे.

बाकीच्यांना काही कळलं नाही, कारण सगळ्यांनी थोडेफार खर्च केले होते. काय गेलं आणि काय उरलं याचा मेळ कुणालाच नव्हता. एकट्या आत्तीनं दमडी खर्च केली नव्हती. दोन हजार दिले होते आणि आण्णांनी तिच्या हातावर तेराशे चव्वेचाळीस ठेवले. तिनं ते दोनदा मोजले. मग हळूच विचारलं, दादा, कमी दिसत्यात की. आण्णा म्हणाले,

"घट आली. गूळ हिकडनं तिकडं नेला तरी घट येती, ह्या तर परमुलखातल्या नोटा."

घट म्हणजे गूळ वाळला की वजनात येते ती तूट. आमच्या यार्डात घट हा देवासारखा शब्द आहे. दिसत नाही, पण सगळं त्याच्यावर ढकलता येतं, आणि ती आडत्याला कधीच लागत नाही, नेमकी शेतकऱ्यालाच लागते. नोटांना घट येते हे मात्र मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुन्हा कागद घेतला, त्यांच्या तोंडासमोर धरला, आणि सांगितलं की हिचे साडेसहाशे रुपये तुम्ही त्या छत्रीवाल्याला दान करून आलाय. आण्णांनी मला आधी बी.कॉम. व्हायला सांगितलं. पुढच्या सीटवरच्या थर्मासवाल्या काकांनीही मान डोलवली, घट येतेच म्हणाले. मला रडू आलं, रागाचं. आत्तीनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती काहीच बोलली नाही याचाही मला राग आला.

काशीत अख्खी बस एकाच शालूच्या दुकानात शिरली. दुकानदार गादीवर थान उलगडत होता आणि आमच्या बायका सोवळ्याला हात लावावा तशा बोटाच्या टोकानं जरीचा काठ चाचपत होत्या. हजार-बाराशेचे शालूही होते, वाईट नव्हते. आत्तीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तिनं एक डाळिंबी रंगाचा काढायला लावला. घासाघीस होऊन दुकानदार साडेअठराशेवर थांबला. आत्तीनं पिशवी काढली, सगळ्यांच्या मधोमध बसून नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि शालूची घडी नीट घालून तो दुकानदाराकडं सरकवला. अख्ख्या वाटेनं ज्या शालूचा रंग ठरवला होता तो असा परत गेला.

माझ्यानं राहवेना. मी त्या गर्दीत मोठ्यानं विचारलं, "आण्णा, घट कोण भरून देणार?"

यार्डातली सगळी मंडळी आण्णांकडं बघायला लागली. चुकलं म्हणायची सोय नव्हती, आणि नुसतं बसून राहायचीही नव्हती. आण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शेवटी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. साडेपाचशे रुपये गादीवर टाकले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घट कसली भरून देतोय. हा मामाचा आहेर हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ सांगते, टाळ्या वाजवल्या. बहिणीचे साडेसहाशे घालवायचे, त्यातले साडेपाचशे परत द्यायचे, आणि वर दानशूर म्हणवून घ्यायचं, याला अंगात गुण लागतो. आत्ती उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि भावाच्या पाया पडली. ते बघून मला तिथंच गादीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पुढं लग्न मुरगूडलाच झालं. दारात मांडव, आणि मुलीला मांडवात आणायला मामा म्हणून आण्णा, डोक्याला फेटा, छाती पुढं. नवरी डाळिंबी शालूत. आत्ती प्रत्येक पाहुणीला हाताला धरून दाखवत होती, शालू मामानं काशीहून आणलाय म्हणून. नवऱ्याकडच्या बायका आपसात म्हणत होत्या, मामा असावा तर असा. एका म्हातारीनं तर आण्णांवरून बोटं मोडून दृष्ट काढली. आण्णांनी ती गंभीर चेहऱ्यानं काढून घेतली.

मी तडक मागच्या खोलीत गेले. आत्ती तिथं पाहुण्यांचे डबे भरत होती. मी म्हटलं, आता पुरे झालं. त्या शालूत आण्णांचा एक पैसा नाही, उलट तुझेच शंभरावर रुपये अजून त्यांच्याकडं निघतात. तुला अजून कळलेलं नाही. मी मांडवात जाऊन सगळ्यांना सांगते.

आत्तीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदा मला वाटलं, की आमच्या घरात आण्णांखेरीज आणखी कुणालातरी मत आहे.

"दोन हजार दिलतं, तेराशे आलं. यवडं कळाय कालेज लागतं व्हय गं? सोनौलीतच कळलं मला."

मग गप्प का बसलीस, मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

ती दाराकडं बघून हळू बोलली. "थोरलीच्या लग्नात दादाकडं शालू मागितलता. रडून मागितलता. त्यानं स्टीलचा डबा दिला. पोरगी अजून सासरी ऐकून घेती, तुझा मामा एवढा गुळाचा व्यापारी, डब्यावर भागवलं म्हणून. ह्या बारीला म्या मागितलाच न्हाय. मामाचा आहेर इकत घेतला."

बाहेर मांडवात आण्णांचा आवाज येत होता, सोनौलीला दोन रुपये कसे वर काढले ते ते व्याह्यांना सांगत होते. आत्तीनं भरलेला डबा माझ्या हातात दिला.

"जा, इहिणीला दे. आन् दादासंग जरा ग्वाड बोल. पोराचं लगीन ऱ्हायलंय अजून."