झांजेला कल्हई

माझ्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ माझ्यामुळे आली नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण वडगाव निंबाळकरात कुणाला विचारलंत तर तो वेगळंच सांगेल, आणि वरकुट्यात विचारलंत तर सांगायच्या आधी पोट धरून हसून घेईल.

मी गावातल्या बँजो पार्टीत ड्रम वाजवतो. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध मोजतो आणि लग्नसराईत वाजवतो. खरं म्हणजे मी बारमाही वाजवतो. माझे हात गप्प राहत नाहीत. दुधाचा कॅन दिसला की कॅन, ट्रॅक्टरचं बोनेट दिसलं की बोनेट, जेवायला बसलो की ताट. एकदा देवळात भजन चालू असताना पुढं बसलेल्या आबांची पाठही वाजवून झाली. (आबा भला माणूस. त्यांना वाटलं मी पाठ दाबतोय. म्हणाले, "जरा वर.")

आता असल्या हातांत ड्रमच्या लाकडी काड्या टिकणार कशा? बारामतीच्या बाजारातून जोडी आणली की आठवडाभरात तिचं टोक कुंच्यासारखं व्हायचं. झांजेची तीच गत. ड्रमसेटच्या स्टँडवर आडवी बसवलेली ती मोठी पितळी झांज मी अशी हाणायचो की कडेला चीर पडलीच म्हणून समजा. आमच्या पार्टीचे मालक बापूराव स्वतः बँजो वाजवतात आणि कमी बोलतात, पण तेही एकदा कळवळले.

"संपत, आरं झांज वाजवायची आसती. ऊस तोडायचा नसतो. तिरका घाव घाल की जरा!"

"बापूराव, तिरका घातला तर आवाज बसतो."

"आन सरळ घातला तर झांज बसती. तुला ह्या पार्टीत ठेवायचा म्हंजी घरात उंदीर पाळायचा."

मला ते लागलं. मग मी अभ्यासाला बसलो. अभ्यास म्हणजे फोन! कुठकुठले ड्रमवाले काड्या आणि झांजा कशा टिकवाव्यात ते दाखवत होते. महिनाभरात मी एवढा तयार झालो की दूध घालायला आलेल्या माणसालाही सोडेना. तो विचारी फॅट किती लागलं, मी सांगे की झांजेचा नट आवळून बसवू नये, तिला डोलायला जागा ठेवावी, खाली मऊ वॉशर घालावा. त्या काळात आमच्या केंद्रावरचं दूध थोडं कमी झालं. माणसं वळसा घालून दुसऱ्या केंद्रावर जायला लागली.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. मुलगा वरकुट्याचा, अमोलराव. भाजीपाल्याची बागायत, माणसं चांगली. फक्त त्याचे चुलते हणमंतराव जरा कडक. ते म्हणाले, इंदापूरहून डीजे आणू. मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या लग्नात मीच वाजवणार! यावर आमचे तात्या, म्हणजे वडील, उठून उभे राहिले.

"तू नवरीचा भाऊ हायस. भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आसतो. वाजवायचं काय काम?"

"तात्या, दोनी करतो की. परण्याला वाजवतो, मंडपात कान पिळतो."

"एक काम धड करत न्हायस, दोन कशी करशील?"

शेवटी मनीषाच मधे पडली. म्हणाली, "तात्या, दादाच वाजवू द्या. त्याची लई हौस हाय." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, एकच कर. मला त्या माणसांत जन्म काढायचाय. पहिल्याच दिशी माझी मान खाली जाईल आसं काय करू नगंस."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. (डोक्यावर ठेवलेल्या हाताची बोटं तिथंही ताल धरत होती, असं ती आजही सांगते.)

शब्द दिल्यावर मला झोप येईना. परण्यात काडी मोडली तर? झांज चिरली तर? एका ड्रमवाल्यानं सांगितलं होतं की काड्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, कोरड्या फडक्यानं पुसावा आणि नीट वाळू द्यावा. मी विचार केला, पातळ हातानं काड्या टिकतात, तर बुडवून ठेवल्यावर अमरच होतील! घरातली लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तेल ओतलं आणि नव्या काड्या त्यात उभ्या बुडवल्या. बायकोनं झाकण उघडून वास घेतला.

"ह्यात लसूण आन मिरची टाकू का? चटणी तरी हुईल."

कलाकाराला घरात किंमत नसते. मी झाकण लावलं.

आता उरली झांज. बापूरावांनी नवी कोरी आणून दिली होती, "ही फोडलीस तर परत तोंड दाखवू नगंस" असा आशीर्वाद देऊन. तिला गोठ्यातल्या माळ्यावर ठेवायची सोय नव्हती. दमट हवा लागली तर डाग पडतात. बोटाचा घाम लागला तरी डाग पडतात. मी ती धुतली, पुसली, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात हंड्या-कळश्यांच्या शेजारी उभी केली.

आईला बजावलं, "आई, तुझ्या पितळंच्या भांड्यांवर जसा जीव हाय ना, तसाच हिच्यावर ठेव. त्यांची जेवढी काळजी घेतीस तेवढी हिची घे."

"घिती की बाबा," आई म्हणाली. तिनं शब्द पाळला, यात आईचा काय दोष?

लग्नाचा दिवस उजाडला. परण्या म्हणजे नवरदेव घोडीवरून वाजत-गाजत मारुतीच्या पाया पडून मंडपात येतो, ती मिरवणूक. ड्रमसेट टेम्पोत चढवला, स्टँड उभा केला आणि मी ते फडकं उघडलं. इतके दिवस उघडलं नव्हतं, बोटाचा घाम लागू नये म्हणून!

आतून चांदी निघाली.

म्हणजे झांजच होती, पण एका अंगानं पांढरीशुभ्र. मी उलटी केली, सुलटी केली, स्टँडवर चढवायला गेलो तर चढेना. मधलं भोकच गायब! मी टेम्पोतूनच ओरडलो.

"आई! हिला काय केलंस?"

आई मंडपाच्या दारात तांब्या घेऊन उभी होती, तिथूनच तिनं सांगितलं, "आरं, कल्हईवाला आलता की! पिंपळाखाली भट्टी लावून बसलता. लग्नाचं घर, म्हनलं सगळंच पितळ कल्हई करून घेऊ. तूच म्हनलास ना, भांड्यांगत जप म्हून?"

"आन भोक कुठं गेलं?"

"ते त्यानंच बुजवलं. भला माणूस बघ! म्हनला, मावशी, ह्या ताटाला बुडात भोक हाय, आमटी गळंल. फुकट बुजवून दिलं!"

बापूरावांनी झांज हातात घेतली, भट्टीत भाजल्यामुळं पडलेला काळा डाग बघितला आणि नखानं टिचकी मारली. आवाज आला नाही. त्यांनी खाली वाकून सुतळी शोधली, पार्सल बांधतात तशी झांज चौफेर बांधली आणि टेम्पोच्या दांडीला लटकावली. पुढं घोडीवर नवरदेव बसला होता आणि हणमंतराव घड्याळ बघत होते.

"व्हय पावनं, वाजवताय का आणू डीजे?"

मी बरणीतून काड्या काढल्या. सदऱ्याला पुसल्या (सदरा नवा होता, नंतर त्याचा बोळा करून ट्रॅक्टर पुसला), आणि सुरुवात केली. ढोलकी चांगली बोलत होती, बँजो चांगला बोलत होता. मी झांजेवर घाव घातला.

थप्प.

कुणीतरी ओल्या पोत्यावर चापट मारावी तसा आवाज! वरकुट्याच्या पोरांनी नाच थांबवून वर बघितलं. हणमंतराव म्हणाले, "दुधाची किटली बडवताय व्हय?"

दारातून मनीषा डोकावत होती. मुंडावळ्या बांधलेला तिचा चेहरा बघितला आणि तिला दिलेला शब्द आठवला. तिरका घाव, मऊ मनगट, सगळा अभ्यास विसरलो आणि सगळ्या अंगाची ताकद लावून हाणलं. तेल प्यायलेली काडी हातात कशाला थांबतेय? ती सुळकन निसटली, हवेत दोन कोलांट्या मारल्या आणि हणमंतरावांच्या फेट्यात जाऊन उभी रुतली. लोकांना वाटलं तुरा! टाळ्या पडल्या. हणमंतरावांनाही काय झालं ते कळलं नाही. टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून त्यांनी हात जोडले.

मी घाबरून दुसरा घाव घातला. दुसरी काडी सरळ गेली. सरळ म्हणजे घोडीच्या पुठ्ठ्यावर.

घोडीनं एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग ती निघाली. मारुती उजवीकडं, मंडप डावीकडं आणि ती मधून थेट आमच्याच भावकीच्या उसात शिरली. पाठीवर अमोलराव होते. उसाचे तुरे हलताना दिसत होते, त्यावरून नवरदेव कुठपर्यंत गेला ते कळत होतं.

"नवरदेव आडसाली उसात गेला!" कुणीतरी ओरडलं.

"पाणी सोडलंय का त्यात?" तात्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं.

सोडलं होतं.

भटजी मुहूर्त मुहूर्त करत होते, अर्धं वऱ्हाड धोतर खोचून उसाच्या सऱ्यांत उतरलं होतं, आणि बापूराव मात्र बँजो वाजवतच होते. (नंतर विचारलं तर म्हणाले, "सुपारी घेतली हुती.") अखेर अमोलराव पलीकडच्या बांधावरून घोडीचा लगाम धरून चालत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, गालावर पाचटाचे ओरखडे, बाशिंग कानावर. आले आणि म्हणाले, "ऊस चांगला आलाय तुमचा." तेव्हाच मला कळलं, माझी बहीण चांगल्या माणसाच्या घरी चालली आहे.

अक्षता वेळेत पडल्या. मी सुटलो असं मला वाटलं. तेवढ्यात भटजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कुठं आहे? कान पिळायला या."

मी पुढं गेलो, अमोलरावांचा कान धरला, तो सटकला. परत धरला, परत सटकला. जवसाचं तेल इतक्या लवकर जातंय होय! कान चकाकायला लागला, मंडपात चटणीचा वास सुटला, मागून पाव्हणे ओरडत होते, "आवळून धरा, पावनं!" फेट्यात काडी तशीच घेऊन हणमंतराव पुढच्या खुर्चीवर डोळे पुसत हसत होते. मी दोन्ही हातांनी झेप घेतली तर हातात मुंडावळ्या आल्या. घाबरून मनीषाकडं बघितलं. वाटलं, मान खाली घालून रडत असेल. मान खाली होतीच, पण खांदे गदगदत होते हसून हसून. सासरचे, माहेरचे, सगळा मांडव एक होऊन माझ्यावर हसत होता, आणि माझी बहीण त्या सगळ्यांत पुढं होती. मला एकदम भरून आलं.

मला असं भरून आलेलं असतानाच तात्या उठले.

"बाजूला हो. कान आसा धरत्यात," असं म्हणून त्यांनी सगळ्या पाव्हण्यांदेखत कान धरला आणि चांगला तीन पीळ देऊन पिळला. नवरदेवाचा नाही. माझा.

मी सुटायची खूप धडपड केली, पण तात्यांच्या हाताला तेल नव्हतं.