वाढती वस्ती

वाशीमला आमच्या लेआउटकडे, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वसाहतीकडे, येणारा रस्ता एका जुन्या वस्तीतून येतो. तिथली एक बाई मला रोज दिसायची. साठीच्या पुढची, पदर कमरेला खोचलेला. भांड्यांचं पाणी रस्त्यावर शिंपडून ती धुरळा बसवत असायची. नाव मी कधी विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती रिकामा हंडा घेऊन आमच्याकडे निघालेल्या पाण्याच्या टँकरसमोर रस्त्यातच बसली. मागे मी स्कूटरवर अडकलो होतो.

"मावशी, बाजूले व्हा," ड्रायव्हर म्हणाला.

"आमच्या दारावरून पानी जाते अन् आमाले नुसता धुरळा. काहून?"

"वरून तसं सांगतलं हाय. तिकडची वस्ती वाढून राह्यली ना."

"मंग आमी काय घटून राह्यलो? आमची तहान कमी झाली काय?"

ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं पाइप सोडला. तिनं पहिला हंडा शेजारच्या बाळंतिणीच्या दारात नेऊन ठेवला, मग दुसरा हंडा घेऊन स्वतःसाठी, तोवर जमलेल्या बायांच्या रांगेत उभी राहिली.

संध्याकाळी आमच्या लेआउटमध्ये बैठक झाली. लॉन वाळतंय, गाड्या धुवायच्या राहिल्यात, त्या बाईला आवरा, असं लोक बोलत होते. मी तिच्या बाजूनं बोलायला लागलो, तर शेजारी म्हणाले, "मग तुम्हीच जा तिकडं राहायला."

दुसऱ्या दिवशी टँकर बायपासवरून वळसा घालून आला. टँकरचा रस्ता एका रात्रीत बदलला. त्या वस्तीत नळ मात्र अजून आलेला नाही.