सुमनला न्यायला आलेली जीप

मोबाईलवर रोज 'आजच्या दिवशी काय घडलं?' असे प्रश्न येतात. आज ते सोडवताना पाथर्डीची शाळा आठवली.

तिथे परिपाठात गुरुजी दिनविशेष विचारायचे. त्या सकाळी माझी मैत्रीण सुमन उत्तर द्यायला उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. तिचा चुलता उतरून गुरुजींच्या कानाशी लागला. गुरुजींचा चेहरा उतरला. मैदानभर डिझेलचा वास पसरला.

"नाना, आई आलीय व्हय?" सुमनने विचारलं.

"तुला न्यायला आलोय, चल," तिच्याकडे न बघताच तो म्हणाला.

ती हसत जीपमध्ये बसली. मला तिचा हेवा वाटला. तिचे वडील उसाच्या ट्रॉलीखाली गेल्याचं दुपारी कळलं. सुमन शाळेत परतली नाही. पुढच्या हंगामात वडिलांच्या जागी तीच आईबरोबर तोडीला गेली.