आम्ही की आपण

पद्मिनीला कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालत नसे. नाशिकच्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवून ती सौदीतल्या यान्बूला आली, तेव्हा वर्ग सुटला, पण चौकशा काही सुटल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, ती दूध आणायला जायची, दुकानदाराकडून खजुराच्या सहा जातींची नावं विचारून घ्यायची आणि दूध विसरून परत यायची. नवरा उल्हास रिफायनरीत इंजिनियर. तो बिचारा कोरा चहा पिऊन कामावर जायचा.

अशा बाईला तीन आठवडे एक गोष्ट कळत नव्हती आणि त्यापायी तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. आबिदा तिच्याशी बोलेनाशी झाली होती.

आबिदा मूळची कोकणातली, बाणकोटची. नवरा बंदरात क्रेनवर, आणि ती स्वतः जुन्या यान्बूतल्या दोन खोल्यांत ब्लाउज शिवायची, गेली वीस वर्षं. पद्मिनी धरून मराठी मंडळाच्या चौदाही जणी तिच्याकडूनच शिवून घ्यायच्या आणि बाकीच्या तिच्याशी हिंदीत बोलायच्या, का तर नाव आबिदा. पद्मिनीने मात्र पहिल्याच भेटीत तिच्या तोंडचं ‘काय केलान’ पकडलं आणि गाव विचारून घेतलं. तेव्हापासून दोघींचं असं जमलं, की मापं राहायची बाजूला आणि चहाची दुसरी खेप व्हायची. घर सोडल्यापासून इतकं मोकळं पद्मिनी कोणाशीच बोलली नव्हती. आणि आता फोन केला की “सध्या शिवण बंद हाय” एवढंच ऐकू यायचं आणि फोन बंद. मंडळाची अध्यक्ष स्मृती, तिचा ब्लाउज मात्र परवाच शिवून मिळाला होता!

शेवटच्या भेटीत काय बिनसलं, हे पद्मिनीने शंभरदा आठवून पाहिलं. ब्लाउज घेतला. चहा झाला. एवढा जरीचा कशाला म्हणून आबिदाने विचारलं, तेव्हा कार्यक्रमाचं सांगितलं. निघाले. यात रुसण्यासारखं काय होतं?

मन गुंतवायला तिच्यापाशी एक काम होतं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ती झिम्बाब्वेतल्या शोना भाषेतली एक गोष्ट मराठीत आणत होती. समोरच्या घरात तिथली एक नर्स राहायची, तिला सगळे माई ताफारा म्हणत. त्यातलं ‘माई’ कोण्या मराठी शेजारणीने लाडाने ठेवलं असणार, असं पद्मिनीला आधी वाटलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, शोनातही माई म्हणजे आईच. मूल झालं की बाईला मुलाच्या नावाने हाक मारायची, तिचं नुसतं नाव घेणं उद्धटपणाचं. त्या दिवसापासून माईंनी पद्मिनीची, तिच्या मुलाच्या नावाने, ‘माई शर्विल’ करून टाकली. पण ताफारा म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय पद्मिनीला झोप कुठली! तर ताफारा म्हणजे ‘आम्हाला आनंद झाला’.

“आम्हाला म्हणजे तुम्हा नवराबायकोला?”

“मूल काय दोघांचंच असतं?” माई म्हणाल्या. पद्मिनीने हे वहीत लिहून ठेवलं.

ड्यूटी नसेल त्या दुपारी माई पुस्तक उघडून शोनातलं इंग्रजीत सांगायच्या आणि पद्मिनी मराठीत उतरवायची. गोष्ट साधी होती. एका घरचा बैल सुटला आणि त्याने शेजाऱ्याचं मक्याचं शेत तुडवलं. गुरं कोण राखत होतं, दावं कोणी बांधलं होतं, हे पद्मिनीला आधी हवं होतं. पुस्तकात त्यातलं अवाक्षर नव्हतं. सगळं घर, सुना-लेकरांसकट, शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन खाली बसलं. पण त्यांच्यातलं कोणीच बोललं नाही. बोलला घराचा एक जुना स्नेही, ज्याचा त्या बैलाशी काडीचा संबंध नव्हता.

“आमच्या गोष्टींत असा स्नेही पुष्कळदा भेटतो,” माई म्हणाल्या. “चुकलेल्या माणसाची जीभ जड होते, म्हणून तो बोलतो. पण ‘त्यांचं चुकलं’ असं म्हणत नाही. ‘इसू’ म्हणतो, स्वतःलाही त्यांच्यात धरून. चुकलो ते सगळे.”

पद्मिनीचं पेन तिथे अडलं. “आम्ही चुकलो, की आपण चुकलो?”

“म्हणजे?”

“मराठीत दोन आहेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला. ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर.”

माईंना हसू आवरेना. “इसू एकच आहे गं. कोणाला बाहेर ठेवायचं ते आधी ठरवून मग तोंड उघडता की काय तुम्ही?”

“तसं नाही हो, सवयीने येतं. उदाहरण देते. समजा, कोणी विचारलं कार्यक्रम कसला, तर मी म्हणेन, आम्हा मराठी लोकांचं...”

हेच वाक्य, असंच्या असं, ब्लाउज हातावर टाकून ती आबिदाला म्हणाली होती. ‘काही विशेष नाही गं, आम्हा मराठी लोकांचं संमेलन आहे.’ बाणकोटच्या बाईला, तिच्याच घरात, तिचाच चहा पिऊन!

पद्मिनीला रडूच कोसळलं. पोरांच्या पेपरात सर्वनामाचा अर्धा मार्क कापणारी बाई ती. माईंनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “ऊठ, गाडी काढ.”

“मी जाते ना एकटी.”

“एकटी जाऊन काय सांगशील? तोंडून गेलं, मनात तसं नव्हतं. म्हणजे स्वतःचीच बाजू मांडत बसशील.”

आबिदाने दार उघडलं आणि पद्मिनीला पाहून तोंड फिरवलं. तेवढ्यात माई उंबऱ्याशीच खाली बसल्या. दोन्ही तळहातांची ओंजळ करून त्यांनी, त्यांच्याकडच्या मान देण्याच्या रीतीने, हळू टाळ्या वाजवल्या आणि त्या इंग्रजीत एकच वाक्य बोलल्या.

आबिदा गोंधळली. “ही कोन? काय म्हनते?”

“म्हणतायत, आम्ही चुकलो.”

“हिनं काय केलान?”

“काहीच नाही.” मग पद्मिनीने आपलं ते ‘आम्हा मराठी लोकांचं’ वाक्य पुन्हा उच्चारून दाखवलं, सबब एकही न जोडता. “तुला बाहेर ठेवून बोलले मी. मंडळातही कधी बोलावलं नाही. आम्ही चुकलो गं, आबिदा.”

आबिदा शिवणाच्या मशीनला टेकली. “बाकीच्या माज्याशी हिंदी बोलतात, त्यांचं मी मनाला लावून घेत नाय,” ती म्हणाली. “तू माजा गाव विचारलास. म्हनून तुजं लागलं.”

आबिदाने माईंना हाताला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी ओतता ओतता ती एकदम वळली.

“आम्ही चुकलो म्हनतेस ना? मग तू एकटीच कशी? ही बाय तर तुमच्यातली नाय. बाकीच्या कुठं हायत?”

काय म्हणाली ते माईंनी विचारलं. पद्मिनीने सांगितल्यावर त्यांनी खुशीत मान हलवली. सगळ्या घराने येऊन बसायचं, हे पुस्तकातलं बाईने न वाचताच सांगितलं होतं.

पद्मिनीने तिथूनच स्मृतीला फोन लावला. “सगळ्यांना घेऊन आबिदाकडे ये,” पद्मिनी म्हणाली. “आपण चुकलोय.”

“आपण?” स्मृतीचा आवाज चढला. “मी काय केलं?”

“काहीच नाही केलंस. मी यायच्या आधीपासून कोणीच काही केलं नाही. वीस वर्षं ही बाई इथे आहे, स्मृती.”

आबिदा दाराशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. मग तिने फळीवरून मोठं पातेलं काढलं आणि त्यात मंडळाच्या चौदा जणी, माई आणि ती स्वतः, अशा सोळा जणींचं पाणी मोजून ओतलं.