बंगळूरची सूजी

पुण्याहून निघालो तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि काचेच्या स्लाइडच जास्त होत्या. मिरज, हुबळी करत गाडी बंगळूरला पोचेपर्यंत ती ट्रंक मी पायांशी धरून बसलो. तिथल्या मराठी मंडळींनी माझ्यासारख्या व्यंगचित्रकाराला चक्क भाषणाला बोलावलं होतं. विषय, 'व्यंगचित्रांतले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ'.

स्टेशनवर माझ्या धाकट्या बहिणीचे, कमलचे यजमान वसंतराव आले होते. ते सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत. जटक्यात (टांग्यात) बसताच त्यांनी विषय काढला.

"माधवराव, डॉक्टरांची हवी तेवढी चेष्टा करा. शास्त्रज्ञाचं ते दुर्बिणीचं चित्र मात्र दाखवू नका. आमचे साहेब पुढच्याच रांगेत असतील आणि माझी बढती त्यांच्या हातात आहे."

जावई म्हणजे दहावा ग्रह. मी मान डोलावली, पण ते माझं सर्वांत लाडकं चित्र होतं. राग आला तो आलाच.

कमलचं बिऱ्हाड जयनगरात. वस्ती नवी, रस्ते रुंद आणि झाडं जेमतेम खांद्याएवढी. हवा इतकी गार की घरात पंखा नाही, हे वसंतराव पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. शेजारच्या अक्कांनी बिसिबेळे भात (डाळ-भाज्या घातलेला झणझणीत भात) पाठवला. पाहुण्यानं खाऊ नये इतका मी तो खाल्ला. सकाळी पोटानं जाब विचारला, आणि भाषण तर त्याच संध्याकाळी.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "सूजी हाकबेकू."

रव्याला हिंदीत सूजी म्हणतात, एवढं मला ठाऊक. आजाऱ्याला पातळ सांजा द्यायची पद्धत इथंही आहे म्हणायची. मी खुशीत म्हटलं, "सरी (ठीक), सरी. स्वल्प तूप घाला."

डॉक्टर बेळगावकडचे निघाले. "तूप कशाला हो? स्पिरिट लावतो की मी."

कन्नडात सूजी म्हणजे सुई, आणि हाकबेकू म्हणजे टोचायला हवी. आजवर मी डॉक्टरांच्या हाती पिचकारीएवढी सुई काढत आलो. खरी तेवढी नसते, पण मला ती तेवढीच दिसली.

भाषण उभ्यानंच केलं, सुईनं बसायची सोय ठेवली नव्हती. पडद्यावर जळवा लावणारे जुने वैद्य झाले, गाईपासून केलेली देवीची लस टोचल्यावर अंगातून गाई उगवलेले विलायती लोक झाले. सभा हसत होती, साहेब तेवढे हसेनात. वसंतराव घाम पुसत होते. शेवटी साहेब उठले.

"सगळे डॉक्टरच? थट्टा करावी एवढीसुद्धा आम्हा शास्त्रज्ञांची किंमत नाही का?"

मी वसंतरावांकडे पाहिलं. ते ट्रंकेपाशी गेले आणि त्यांनीच ती स्लाइड आणून दिली. चित्रात एक शास्त्रज्ञ दुर्बिणीतून स्वयंपाकघरात बघतो आहे आणि स्टोव्हपाशी उभ्या बायकोला विचारतो आहे, "हा नवा ग्रह कधी उगवला?"

साहेबांच्या पत्नी सर्वांत आधी हसल्या. मग साहेब, आणि बऱ्याच वेळानं वसंतराव.

परतताना स्टेशनवर वसंतराव हमाल शोधायला गेले, तेव्हा कमल हळूच म्हणाली, "दादा, आज चहा दिला तर हे चष्मा वर करून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ग्रह चांगला दिसतो. लग्न झाल्यापासून कधी थट्टा केली नव्हती रे माझी. इतकं बरं वाटलं."

गाडीत मला वाटत राहिलं, ज्याची थट्टा करता येते तोच माणूस घरातला होतो. डॉक्टर केव्हाच झाले, शास्त्रज्ञ आता कुठे होताहेत.

वसंतरावांच्या बढतीचं अजून काही कळलेलं नाही. कमलच्या मते ती झाली.