भेंडीच्या पानांची कपाशी

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण पोलीस खात्यातली आठवण विचारली की मला आधी ती कपाशी आठवते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात पंचनाम्याला गेलो आणि शेतात पाय ठेवताच थबकलो. ऐन फुलावरचं पीक, पण पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, मुरडलेली. शेंडे वाकडे.

फिर्यादी धाकटा भाऊ. बांधापलीकडे थोरल्याचा ऊस. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं बंद.

"साहेब, पात्या-फुलं गळू नयेत म्हणून म्या संजीवक फवारलं. त्याच्यावर दादानं इख टाकलं," धाकटा म्हणाला.

चहाच्या टपरीवर खबऱ्यानं सांगितलं, थोरल्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, तणनाशकाचा डबा आहे. झडतीत तो मिळालाही. कृषी अधिकाऱ्यांनी पानं उलटसुलट पाहिली. "उसातल्या तणनाशकाचंच काम. फुलगळ थांबवणारं संजीवक आणि हे, दोन्ही झाडाच्या वाढीवरच चालतात. एकानं पाती, म्हणजे कळी, टिकते, दुसऱ्यानं कपाशीचं वाटोळं होतं. थेंबभरही पुरे."

थोरल्याला ठाण्यात आणलं. "म्या काहून करीन?" यापलीकडे तो बोलेना. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. तुझ्या भावजयीला विचारतो. तिनं काही पाहिलं असेल."

गड्याचा चेहराच उतरला. "तिला इचारू नका साहेब. म्याच टाकलं. रातच्याला, बांधावरून."

गुन्हा कबूल झाला की ठाण्यात चहा मागवतात, तसा आला. मला मात्र तो गोड लागेना. बांधावरून टाकलं तर बांधालगतची झाडं आधी बिघडायला हवीत. माझ्या आठवणीप्रमाणे ती धडधाकट होती. पुन्हा शेत गाठलं. सगळ्यात जास्त नुकसान विहिरीजवळ होतं आणि तिथून पुढे पाठीवरच्या पंपाच्या दर भरणीला ते कमी होत गेलं होतं.

"संजीवक फवारायला कुठून लागलास?" मी धाकट्याला विचारलं.

"हिरीपासून."

"पंप कोणाचा?"

"माझा बिघडला व्हता. बायकोनं तिच्या भावाचा आणला."

बांधावर उभी असलेली त्याची बायको पुढे झाली. "माहेरचा न्हाई साहेब. जाऊबाईचा हाय. चांगला धुऊन देला व्हता त्यायनी."

भावाभावांचं बोलणं बंद होतं, पण या दोघी जावांची मीठ-मिरचीची देवघेव बांधावरून चालूच होती. तिकडं गेलीस तर कायमची माहेरी धाडीन, अशी तंबी धाकट्यानं बायकोला दिली होती, म्हणून तिनं भावाचं नाव पुढं केलं. त्याच पंपानं उसात तणनाशक मारलेलं. साध्या पाण्यानं ते निघत नाही, हे त्या बायकांना कोण सांगणार? ज्या विषाची फिर्याद, ते धाकट्यानं स्वतःच्या हातानं फवारलं होतं.

धाकट्याला आणि त्याच्या बायकोला जबाबासाठी ठाण्यात आणलं. समोर बसलेल्या थोरल्याला मी विचारलं, "न केलेलं कबूल काहून केलंस?"

"पंप देताना म्या पाह्यलं व्हतं, साहेब. मला तुरुंग झाला तरी म्या सुटून येईन. तिला यानं हाकललं असतं तर याचाच संसार गेला असता. लेकरावानी हाय त्यो मला."

माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला, असं मी तोवर धरून चालत होतो. कबुली पदरात पडली की आम्ही कागद बंद करतो. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत कोणी चटकन कबूल झाला की मी आधी शोधायचो, हा कोणाला वाचवतोय?

कागद पुरे झाले, थोरल्याला सोडलं. तेव्हा धाकटा बायकोकडे न बघता म्हणाला, "तू म्होरं हो. तुझ्या जाऊबाईला सांग, दादा येऊन राहिले."